प्रकल्प नोंदी: पेलोड बोर्डावरील नियंत्रण पिनांची जोडणी

८ जानेवारी २०२४

आमच्या उपग्रहाच्या पेलोड (म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या उपकरणांच्या) नियंत्रक बोर्डाच्या दुसऱ्या आवृत्तीचा आराखडा आज तपासणीसाठी उघडला. बोर्डावरची मुख्य चिप प्रोएसिक३ई कुळातील फ्लॅश-आधारित एफपीजीए, म्हणजे आतला तर्क वापरकर्त्याने ठरवून भरायची चिप, आहे. उपग्रहाची नियोजित कक्षा सुमारे ५०० किलोमीटर उंचीची आणि ध्रुवांवरून जाणारी असल्यामुळे दक्षिण अटलांटिक विसंगतीतील (पृथ्वीचा प्रारण पट्टा जेथे सर्वांत खाली येतो त्या भागातील) प्रोटॉन आणि ध्रुवीय भागातील वैश्विक किरण हे दोन्ही या चिपच्या वाट्याला येणार आहेत. फ्लॅश पेशींमध्ये साठवलेली चिपची मांडणी (तिचा प्रोग्रॅम) एकट्या कणाच्या आघाताने बदलत नाही, हे ही चिप निवडण्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते आणि ते योग्यच आहे. मात्र चिपमधील सर्वच भाग फ्लॅशमध्ये नसतात. वापरकर्त्याच्या तर्कातील फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट साठवणारी सर्किटे) आणि चिपच्या स्वतःच्या चाचणी यंत्रणेतील फ्लिप-फ्लॉप हे साधेच असतात आणि कणाच्या आघाताने ते पालटू शकतात. पहिल्यासाठी आम्ही तिहेरी मतदान (तीन प्रतींपैकी बहुमताचे मूल्य घेणे) वापरले आहे. दुसऱ्यावर आपला तर्क चालत नाही. त्यांच्यावर ताबा ठेवण्याचे साधन म्हणजे चिपच्या बाहेर आलेल्या काही मोजक्या पिना.

मागच्या तुकडीच्या आराखड्यात या पिनांची अवस्था अशी आहे: टीआरएसटीवर (चाचणी यंत्रणेचा रीसेट) १० किलोओहमचा पुल-डाऊन (पिनेला शून्याकडे ओढणारा रेझिस्टर; पुल-अप उलट, वर ओढतो), टीसीके (तिचा ठोका) मोकळी, टीएमएस (स्थिती बदलण्याची निवड) आणि टीडीआय (माहिती आत नेणारी) मोकळ्या, व्हीपंप (प्रोग्रॅमिंगचा पुरवठा) कायम ३.३ व्होल्टला जोडलेली. हा बोर्ड प्रयोगशाळेत व्यवस्थित चालतो. त्यामुळे बैठकीत प्रकल्पप्रमुख सरांनी रास्त प्रश्न विचारला की चालणाऱ्या गोष्टीला हात का लावायचा. उत्तर तोंडी देण्यापेक्षा मोजून द्यावे, असे ठरले.

११ जानेवारी २०२४

मोजमापाआधी कारण नीट लिहून ठेवतो, कारण गटातील नव्या सदस्यांना जेटॅग म्हणजे केवळ प्रोग्रॅम भरण्याचा कनेक्टर एवढेच ठाऊक असते.

आयईईई ११४९.१ या, म्हणजे जेटॅगच्या, मानकानुसार चिपमध्ये चाचणीसाठी एक छोटा नियंत्रक असतो. त्याच्या १६ स्थिती असतात, म्हणजे त्याला चार फ्लिप-फ्लॉप पुरतात. चिप नेहमीचे काम करत असताना हा नियंत्रक टेस्ट-लॉजिक-रीसेट या स्थितीत असला पाहिजे. तेथे असताना तो चिपच्या कामात अजिबात लुडबुड करत नाही. मानकातील उदाहरणादाखल दिलेल्या संकेतांकनात या स्थितीचा अंक ११११ आहे. या चारपैकी कोणताही एक बिट पालटला, तर नियंत्रक कॅप्चर-आयआर, अपडेट-आयआर, पॉज-आयआर किंवा सिलेक्ट-डीआर यांपैकी एका स्थितीत जाऊन पडतो. प्रत्यक्ष चिपमधील संकेतांकन वेगळे असू शकते, परंतु मुद्दा तोच राहतो: शेजारची प्रत्येक स्थिती ही चाचणीच्या वाटेवरची स्थिती आहे.

तेवढ्याने लगेच अनर्थ होतो असे नाही. रीसेट स्थितीत असताना आदेश नोंदवहीत (चाचणीचा चालू आदेश ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) निरुपद्रवी आदेश सक्तीने धरून ठेवलेला असतो. नियंत्रक तेथून हलला की ती सक्ती उठते. मग टीसीकेवर गोंगाटाचे काही ठोके आले, किंवा आदेश नोंदवहीवरच दुसरा आघात झाला, तर एक्सटेस्टसारखा आदेश लागू होऊ शकतो आणि चिपच्या सर्व आउटपुट पिना वापरकर्त्याच्या तर्कापासून तुटून सीमा नोंदवहीतील (पिनांची चाचणी-मूल्ये ठेवणाऱ्या रजिस्टरमधील), त्या वेळी तेथे जे काही असेल त्या, मूल्यांवर जातात. हजारो फ्लिप-फ्लॉपांच्या चिपमध्ये नेमक्या या चारांपैकी एकावर आघात होण्याची शक्यता अर्थातच कमी आहे. पण वापरकर्त्याच्या एका फ्लिप-फ्लॉपवरचा आघात मतदानाने निस्तरता येतो आणि येथे मात्र एका आघातात संपूर्ण चिप हातची जाऊ शकते, म्हणून शक्यता कमी आहे एवढ्यावर हा विषय सोडून देता येत नाही.

यावरचा उपाय मानकातच आहे. टीआरएसटी ही पिन खाली, म्हणजे शून्यावर, असेल तर नियंत्रक कोणत्याही ठोक्याची वाट न पाहता रीसेटमध्ये जातो आणि पिन खाली असेपर्यंत तेथेच राहतो. कणाने बिट पालटला तरी तो क्षणभरापुरता, कारण रीसेटची रेषा त्याला ताबडतोब परत ढकलते. अडचण अशी की हीच पिन मोकळी सोडली तर ती वर मानली जावी, अशी मानकाची अट आहे. त्यासाठी चिपच्या आत पुल-अप दिलेला असतो. म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याने काहीच केले नाही तर संरक्षण बंद असते.

१५ जानेवारी २०२४

जुन्या बोर्डावर टीआरएसटीचे व्होल्टेज मोजले. ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यावर ते ०.९७ व्होल्ट आले.

या आकड्यात सगळा प्रश्न सामावलेला आहे. ३.३ व्होल्टच्या तर्कासाठी ०.८ व्होल्टपर्यंतचे इनपुट निश्चितपणे शून्य आणि २ व्होल्टच्या वरचे निश्चितपणे एक मानले जाते. मधल्या पट्ट्यात चिप काय समजेल याची हमी निर्माता देत नाही. आमची पिन त्या मधल्या पट्ट्यात बसली आहे. बाहेरच्या १० किलोओहममधून साधारण ९७ मायक्रोअँपिअर वाहतात, त्यावरून आतला पुल-अप सुमारे २४ किलोओहमचा निघतो. डेटाशीटमध्ये ३.३ व्होल्टला अशा अंतर्गत रेझिस्टरांची मर्यादा १० ते ४५ किलोओहम दिलेली आहे, म्हणजे आमची चिप अगदी सर्वसाधारण आहे. ४५ किलोओहमची चिप मिळाली असती तर पिनवर ०.६ व्होल्ट आले असते आणि कोणालाच काही खटकले नसते. १० किलोओहमची मिळाली असती तर १.६५ व्होल्ट, म्हणजे बरोबर पुरवठ्याच्या निम्मे. बोर्ड आजवर चालला तो चिपने ०.९७ ला शून्य समजून घेतल्यामुळे चालला आहे.

१० किलोओहम हा आकडा कोठून आला याचाही शोध घेतला. एका विकास बोर्डाच्या आराखड्यात सर्व पुल-अप आणि पुल-डाऊन सरसकट १० किलोओहमचे आहेत, आणि आपल्याकडे बहुतेक जण तोच आकडा हाताच्या सवयीने घालतात. ज्या पिनेला अंतर्गत खेच नसते तेथे तो चालतोही. येथे बाहेरचा रेझिस्टर आतल्याच्या विरुद्ध दिशेला ओढत आहे, हा फरक त्या सवयीत निसटतो.

१७ जानेवारी २०२४

रेझिस्टरची किंमत ठरवली. निर्मात्याने या कुळासाठी टीसीके आणि टीआरएसटीवर ३.३ व्होल्टला २०० ओहम ते १ किलोओहम अशी शिफारस केली आहे, आणि ज्या कामात जेटॅगमधील आघाताने नको ती स्थिती येण्याचा धोका परवडणारा नाही, तेथे टीआरएसटी रेझिस्टरमधून ग्राउंडला बांधावी व रेझिस्टर पिनेच्या अगदी जवळ ठेवावा, असेही स्पष्ट म्हटले आहे. १ किलोओहम धरला तर सर्वांत वाईट चिपवरही पिन ०.३ व्होल्टवर राहते.

मग एकच रेझिस्टर ठेवायचा की दोन, यावर बरीच चर्चा झाली. प्रक्षेपणाच्या कंपनात एखादा सोल्डरचा सांधा तडकला आणि रेझिस्टर सुटला, तर पिन गुपचूप वर जाईल आणि कोणालाही कळणार नाही, कारण चिपचे नेहमीचे काम तसेच चालू राहील. म्हणून २ किलोओहमचे दोन रेझिस्टर समांतर, प्रत्येकाचे पॅड आणि ग्राउंडचा व्हाया (बोर्डाचे थर जोडणारे छिद्र) स्वतंत्र, असे ठरवले. दोन्ही शाबूत असताना १ किलोओहम मिळतो; एक सुटला तरी सर्वांत वाईट चिपवर ०.५५ व्होल्ट, म्हणजे ०.८ च्या आत.

प्रारणाच्या एकूण मात्रेचाही विचार केला. ऑक्साइडमध्ये भार साठत गेला की इनपुटची गळती वाढते. ती १० मायक्रोअँपिअरपर्यंत गेली असे धरले तरी १ किलोओहमवर फक्त १० मिलिव्होल्टची भर पडते. हीच गळती १०० किलोओहमच्या रेझिस्टरवर १ व्होल्ट देते. वीज वाचवण्यासाठी मोठे रेझिस्टर घालण्याची पद्धत प्रारणाच्या वातावरणात किती महागात पडू शकते ते एवढ्या हिशोबावरून दिसते. आमच्या जोडणीत आतल्या पुल-अपमधून कायम वाहणारा प्रवाह सर्वांत वाईट चिपवरही अर्ध्या मिलिअँपिअरहून कमी आहे. तो सोसायला हरकत नाही.

टीआरएसटी थेट ग्राउंडला का जोडत नाही, हा प्रश्न अपेक्षितच होता. निर्मात्याच्या आरटीएसएक्स-एस आणि आरटीएएक्स-एस या अँटिफ्यूज चिपांसाठी उड्डाणाच्या बोर्डावर टीआरएसटी थेट ग्राउंडलाच जोडावी असे सांगितलेले आहे, आणि तेथे ते सोपे आहे, कारण ती चिप बोर्डावर बसवण्यापूर्वी वेगळ्या यंत्रात एकदाच प्रोग्रॅम होते. आमची चिप बोर्डावर बसल्यानंतर जेटॅगमधूनच भरली जाते आणि जुळणीच्या अखेरपर्यंत तिच्यात बदल होत राहणार. थेट जोडणी केली तर ते दार आजच बंद होईल.

२२ जानेवारी २०२४

उरलेल्या पिनांचा निकाल लावला.

टीसीकेला आत पुल-अप किंवा पुल-डाऊन काहीच नाही. मोकळी सोडलेली ही पिन म्हणजे कनेक्टरपर्यंत गेलेल्या ट्रॅकच्या टोकाला लावलेला एक अँटेनाच, आणि उपग्रहात जवळच रेडिओ प्रक्षेपक आहे. तिला १ किलोओहमने ग्राउंडला बांधले. नियंत्रक भरकटला तरी ठोका मिळाला नाही तर तो पुढे सरकू शकत नाही, त्यामुळे टीआरएसटीनंतर हीच पिन महत्त्वाची. टीएमएस आणि टीडीआयला अंतर्गत पुल-अप आहेत; तरीही टीएमएसला बाहेरून वर बांधले, कारण टीएमएस वर असताना टीसीकेचे पाच ठोके मिळाले की नियंत्रक कोणत्याही स्थितीतून रीसेटमध्ये परततो. टीडीओ हे आउटपुट आहे, ते तसेच सोडले.

व्हीपंपचा विषय वेगळा. प्रोग्रॅम करताना तेथे ३.३ व्होल्ट लागतात आणि पिनेजवळ ०.०१ आणि ०.३३ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर ठेवावे लागतात. एरवी ती मोकळी सोडली किंवा मर्यादेतील कोणत्याही व्होल्टेजला जोडली तरी चालते. पण ग्राउंडला जोडल्यास आतले चार्ज-पंप सर्किट पूर्ण बंद होते. कक्षेत पुन्हा प्रोग्रॅम करण्याची आमची कोणतीही योजना नाही, तेव्हा फ्लॅशला पुसण्या-लिहिण्यासाठी लागणारे उच्च व्होल्टेज तयारच होऊ न देणे शहाणपणाचे. म्हणून प्रोग्रॅमिंगच्या कनेक्टरमधूनच व्हीपंपला पुरवठा मिळेल आणि उड्डाणापूर्वी त्याच कनेक्टरवर बसणारा बंद प्लग तिला ग्राउंडला जोडेल.

टीआरएसटीही याच प्लगमधून बांधावी आणि बोर्डावरची जागा वाचवावी, असा एक प्रस्ताव आला. तो मी मान्य केला नाही. प्लग बसवायचा राहून गेला तर व्हीपंप मोकळी राहील, आणि ते चालण्यासारखे आहे. टीआरएसटी मोकळी राहिली तर चालण्यासारखे नाही. विसरण्याची शक्यता असलेल्या भागावर कोणती पिन सोपवायची, हे ती मोकळी राहिल्यास काय होईल यावरून ठरवले पाहिजे. टीआरएसटी प्रोसेसरच्या एखाद्या पिनेवरून चालवावी, म्हणजे कक्षेतूनही जेटॅग वापरता येईल, ही सूचनाही याच कारणाने बाजूला ठेवली, कारण तो प्रोसेसर त्याच प्रारणात बसलेला आहे आणि त्याची पिन कोणत्या पातळीवर असेल हे त्याच्या नोंदवहीतील एका बिटावर अवलंबून राहील.

२९ जानेवारी २०२४

एक्सटेस्ट लागू झाल्यास नेमके काय होते, हे जुन्या बोर्डावर मुद्दाम करून पाहिले. ही चिप चालवत असलेल्या हीटरच्या जागी लोड रेझिस्टर लावला, चिपचा नेहमीचा प्रोग्रॅम चालू ठेवला, जेटॅगमधून सीमा नोंदवहीत हीटरच्या पिनेसाठी एक भरला आणि एक्सटेस्ट लागू केला. त्या क्षणी लोडमधून अर्धा अँपिअर प्रवाह सुरू झाला आणि आदेश काढेपर्यंत चालू राहिला. प्रोग्रॅममध्ये हीटरला वेळेची मर्यादा आहे, तिचा काहीही उपयोग झाला नाही. आतला तर्क बिनचूक चालला होता आणि त्याने हीटर बंद करण्याचा निर्णयही घेतला, परंतु तो निर्णय पिनेपर्यंत पोहोचतच नव्हता.

यातून निघालेली बाब टीआरएसटीच्या पलीकडची आहे. आमचा वॉचडॉग (काम अडकले तर ते ओळखून रीसेट करणारा टाइमर) याच एफपीजीएत आहे आणि त्याचे आउटपुटही अशा वेळी तुटते. म्हणून हीटरचा प्रवाह तोडणारा स्वतंत्र मर्यादक चिपच्या बाहेर ठेवण्याचा बदल आजच्या यादीत घातला. सरांचा ८ तारखेचा प्रश्न यानंतर पुन्हा निघाला नाही.

५ फेब्रुवारी २०२४

सहकारी गटाच्या कॅमेरा बोर्डाचा आराखडा पाहून द्यावा अशी विनंती आली होती. तेथे एसरॅम-आधारित (मांडणी वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत ठेवणारी) चिप आहे आणि तिला टीआरएसटी पिनच नाही, त्यामुळे आमचा नियम जसाच्या तसा तेथे लावता येत नाही. अशा चिपमध्ये टीएमएस भक्कमपणे वर बांधून टीसीकेला सतत चालणारा ठोका देणे हा एक मार्ग असतो, कारण मग भरकटलेला नियंत्रक पाच ठोक्यांत परत येतो. त्या थोड्या ठोक्यांपुरता धोका मात्र उरतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या चिपची प्रोग्रॅम पिन खाली गेली तर सगळी मांडणी पुसली जाते. तिला आणि मोड ठरवणाऱ्या पिनांना अंतर्गत खेचेवर सोडू नये, बाहेरून स्वतंत्र रेझिस्टर द्यावेत, आणि प्रोग्रॅम पिनेचा ट्रॅक कनेक्टरपर्यंत लांबवू नये, असे कळवले. जुन्या अॅक्ट कुळातील अँटिफ्यूज चिपांत याच प्रकारची मोड नावाची पिन असे आणि उड्डाणात ती ग्राउंडला असावी लागे. म्हणजे पिनेचे नाव आणि तिची दिशा प्रत्येक कुळात बदलते, डेटाशीट पुन्हा उघडण्याला पर्याय नाही.

आउटपुट सर्किटवर बोलणे निघाले तेव्हा नासाच्या वायर (WIRE) या अवरक्त दुर्बिणीची आठवण निघाली. मार्च १९९९ मध्ये प्रक्षेपणानंतर थोड्याच वेळात तिचे झाकण नियोजित वेळेआधी उडाले, थंडाव्यासाठीचा घन हायड्रोजन सूर्य आणि पृथ्वीच्या उष्णतेने वाफ होऊन निघून गेला आणि मुख्य मोहीम तेथेच संपली. कारण प्रारण नव्हते. स्फोटक खटके नियंत्रित करणाऱ्या एफपीजीएची आउटपुटे वीज सुरू होतानाच्या क्षणी ताब्यात नव्हती. घटना वेगळी असली तरी आमच्या पुनरावलोकनात ती कामाची आहे: टीआरएसटीला वीज सुरू होण्याच्या पहिल्या क्षणापासून खाली ठेवणारा रेझिस्टर कोणत्याही रीसेट चिपच्या विलंबावर अवलंबून नाही, हे त्यामुळे मुद्दाम तपासून घेतले.

१९ फेब्रुवारी २०२४

बोर्डाच्या मांडणीची तपासणी. मांडणीकाराने टीआरएसटीचे दोन्ही रेझिस्टर कनेक्टरजवळ ठेवले होते, कारण तेथे जागा होती. विद्युतदृष्ट्या आराखडा बरोबरच ठरतो, पण कनेक्टर आणि चिप यांच्यामधला ट्रॅक किंवा एखादा व्हाया तुटला तर पिन चिपच्या बाजूने मोकळी होते. रेझिस्टर चिपच्या कडेला आणून घेतले; आता पिन, पहिला रेझिस्टर, दुसरा रेझिस्टर आणि मग कनेक्टर असा क्रम आहे. टीसीकेचा रेझिस्टरही तसाच हलवला. आराखड्यात नुसती तार दिसते, तिच्यावर रेझिस्टर कोठे आहे ते दिसत नाही, म्हणून आराखड्यावरच सूचना लिहून ठेवली.

११ मार्च २०२४

नवा बोर्ड जुळून आला. टीआरएसटीवर ०.१३ व्होल्ट. एक रेझिस्टर उचलून मोजले तेव्हा ०.२५ व्होल्ट. दोन्ही आकडे आतल्या २४ किलोओहमशी जुळतात.

प्रोग्रॅमर जोडला आणि सॉफ्टवेअरमध्ये टीआरएसटी चालवण्याचा पर्याय निवडून चिप भरली. १ किलोओहमच्या विरुद्ध पिन वर खेचायला प्रोग्रॅमरला साधारण ३ मिलिअँपिअर द्यावे लागतात आणि ते त्याने सहज दिले. त्यानंतर तो पर्याय काढून चिपचा ओळख क्रमांक वाचण्याचा प्रयत्न केला. तो वाचता आला नाही, टीडीओ पूर्ण वेळ निष्क्रिय राहिली, आणि स्वीकृती चाचणीत हीच उत्तीर्णतेची अट म्हणून लिहिली आहे. चाचणी करणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवातीला ‘चिप सापडत नाही’ हा संदेश बिघाड म्हणून नोंदवला होता. तेव्हा चाचणीपत्रकात अपेक्षित संदेशाचे शब्दच छापून टाकले. ही चाचणी कंपनानंतर आणि उष्णता-निर्वात चाचणीनंतर पुन्हा होईल, कारण तडकलेला सांधा नेमका तेव्हाच उघड होतो. एकच रेझिस्टर सुटला तर मात्र ओळख क्रमांकाच्या चाचणीत ते दिसणार नाही. त्यासाठी वीज बंद असताना पिन आणि ग्राउंड यांतील रोध मोजण्याची ओळ वेगळी घातली आहे.

२५ मार्च २०२४

कणांचे आघात मुद्दाम घडवून पाहण्यासाठी जड आयनांच्या झोतातील चाचणीची तयारी. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात १९८८ पासून चालणारा पेलेट्रॉन त्वरक (आयनांना वेग देणारे यंत्र) आमच्यासाठी सर्वांत सोयीचा आहे. अशा ऊर्जेच्या जड आयनांचा सिलिकॉनमधील पल्ला काही दहा मायक्रॉन एवढाच असल्यामुळे चिपवरचे प्लास्टिक आम्लाने काढून आतला पृष्ठभाग उघडा करावा लागेल, आणि त्यात काही चिपा वाया जातील हे गृहीत धरूनच खरेदी केली आहे.

चाचणीच्या बोर्डावर टीआरएसटीसाठी तीन जागांचा जंपर ठेवला आहे: नवी जोडणी, जुना १० किलोओहम, आणि पूर्ण मोकळी. टीसीकेवर सिग्नल जनरेटरमधून अधूनमधून ठोके देता येतील, म्हणजे नियंत्रक भरकटला असेल तर तो पुढे सरकलेला दिसेल. आउटपुट पिनांवर एक ठराविक आकृतिबंध सतत फिरत राहील आणि तो तुटला की बाहेरची नोंद यंत्रणा वेळ टिपून वीज तोडेल. वीज तोडण्यापूर्वी टीआरएसटी क्षणभर खाली नेऊन आकृतिबंध परत येतो का, हे पाहण्याची सोय यंत्रणेत घातली आहे. परत आला तर दोष जेटॅग नियंत्रकाचा, नाही आला तर तो अन्यत्र शोधावा लागेल. जंपरच्या मोकळ्या स्थितीतील मोजमाप आधी घ्यायचे ठरले आहे, कारण मिळालेला झोताचा वेळ कमी पडला तर तुलनेसाठी तेच हाताशी असायला हवे.